फिजिकल थेरपी सोडून कॉलेजात बायोलॉजी शिकवायचंय, कुणी केलंय का?

मानेचा_मणका:
डॅलसजवळ आउटपेशंट क्लिनिकमधे थेरपिस्ट आहे. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) महाराष्ट्रातलं, इथे आल्यावर नोकरी सांभाळून ट्रान्झिशनल डीपीटी (आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठीची फिजिकल थेरपीची डॉक्टरेट) केलं. पेशंट आवडतात हो, पण दिवसभर बिलाची युनिटं मोजा, मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा) आठ मिनिटांचा हिशोब (निदान आठ मिनिटं उपचार झाले तरच एक युनिट) जुळवा आणि रात्री जेवणं आटोपली की नोट्स घेऊन बसा, याला विटलेय आता. कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या कोर्सवाल्या सरकारी कॉलेजात) शिकवावं म्हणतेय. डीपीटी चालते की परत मास्टर्स?

ह्यूस्टनचा_बाप्या:
चालते, पण नुसत्या डिग्रीच्या नावावर जाऊ नका. टेक्सासातली कॉलेजं सॅक्सकॉकच्या (कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) नियमाने बघतात, म्हणजे त्या विषयात मास्टर्स, नाहीतर दुसरी मास्टर्स किंवा डॉक्टरेट असेल तर त्या विषयाचे १८ ग्रॅज्युएट क्रेडिट. गोची अशी की आपण बॉडी उघडून ॲनाटॉमी शिकलो ते बीपीटीएचला, ते अंडरग्रॅज्युएट धरतात, आणि ट्रान्झिशनल डीपीटीत बेसिक सायन्स फारसं नसतंच. ट्रान्स्क्रिप्ट काढा आणि न्यूरोसायन्स, पॅथोफिजिऑलॉजी वगैरे मोजा. कोर्सच्या नावापुढे बायोलॉजीचा कोड नसणार, म्हणून सिलॅबस जोडून डिपार्टमेंट चेअरला आधीच मेल टाका, एचआरच्या पोर्टलवर अर्ज टाकून वाट बघत बसू नका.

लॅबवाली:
अगं मी करतेय! संध्याकाळी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी (तुमच्या टेक्सासात कोर्स नंबर २४०१, २४०२), दिवसा क्लिनिकात पीआरएन, म्हणजे गरज लागेल तेव्हा बोलावतात. पोरं बहुतेक नर्सिंगला जाणारी, दिवसभर काम करून आलेली. ब्रेकियल प्लेक्सस (मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं) पाठ करून करून रडकुंडीला येतात. मी मनगट लुळं सोडून दाखवते, रेडियल नर्व्ह गेली की हात असा पडतो, आणि पेशंटला ग्लास कसा धरता येत नाही ते सांगते, मग कुणी विसरत नाही. इथे आपला अनुभव कामी येतो. बाकी ॲडजंक्टला (कोर्सपुरत्या नेमलेल्या शिक्षकाला) कोर्समागे ठरलेले पैसे मिळतात, इन्शुरन्स नाही, ॲडमिशन कमी झाल्या तर सेमिस्टर सुरू व्हायच्या तोंडावर वर्ग रद्द. क्लिनिक एकदम सोडू नकोस बाई. आणि फुलटाइम जागेला जनरल बायोलॉजीपण घ्यायला लावतात, म्हणजे फोटोसिंथेसिस परत उघडायचं, मला अजून त्याचा कंटाळा येतो.

विमानातला_मराठी:
व्हिसा कुठला? एच१बी (एका मालकाशी बांधलेला कामाचा व्हिसा) असेल तर दुसरीकडे संध्याकाळचे दोन तासही असेच शिकवता येत नाहीत, कॉलेजने वेगळी पिटिशन टाकावी लागते. लॉटरीचा प्रश्न सहसा येत नाही, कॉलेजं कॅपबाहेर (या व्हिशांच्या वार्षिक मर्यादेबाहेर) असतात, पण ॲडजंक्टसाठी एवढा खटाटोप कोण करणार!

मानेचा_मणका:
ग्रीनकार्ड आहे, ती कटकट नाही. ट्रान्स्क्रिप्ट बघितला, ओढूनताणून १८ पैकी ११ क्रेडिट भरतात. उरलेले ऑनलाइन होतील का?

लॅबवाली:
होतील. न्यूयॉर्कच्या नॉर्थईस्ट कॉलेज ऑफ हेल्थ सायन्सेसचं ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी शिकवणाऱ्यांसाठीच ऑनलाइन मास्टर्स आहे, ते बघ. हॅप्सचे (ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी शिकवणाऱ्यांच्या संघटनेचे) छोटे कोर्सही असतात. पण फी भरायच्या आधी तुझ्या कॉलेजला विचार की हे क्रेडिट मोजणार का, आणि उत्तर ईमेलवरच घे.