लाईट गेली की लॅपटॉप दोन तासांत मान टाकतो. एनर्जी सेव्हर कायम चालू ठेवू का?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

नमस्कार मंडळी. विंडोज ११, आय५-१२३५यू, १६ जीबी रॅम, १५.६ इंची साधी एलसीडी स्क्रीन. लॅपटॉप तीन वर्षांचा. पाऊस लागला की संध्याकाळी हमखास लाईट जाते आणि नेमकी माझी दीड तासाची ऑनलाइन शिकवणी तेव्हाच असते. पूर्वी बॅटरी सेव्हर होतं, आता त्या जागी एनर्जी सेव्हर दिसतंय. दोन्ही एकच का? कायम चालू ठेवलं तर बॅटरीला काही इजा होते का? आणखी एक, व्हिडिओत सगळे 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा' म्हणतात, पण मला तो पर्यायच सापडत नाही. शिवाय झाकण लावून बॅगेत ठेवला तरी विद्यापीठात पोहोचेपर्यंत गरम झालेला असतो आणि चार्जिंगही उतरलेलं.

तांबडा_पांढरा

ताई, नाव बदललंय, काम जवळपास तेच. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून बॅटरी सेव्हरचं एनर्जी सेव्हर झालं. फरक एवढाच की आता ते चार्जर लावलेला असतानाही चालू ठेवता येतं.

बॅटरीला इजा शून्य. पण त्यात काय काय होतं ते माहीत असू द्या. ब्राइटनेस ३० टक्के खाली येतो, पारदर्शक खिडक्यांची सजावट जाते, मागे चालणारी ॲप्स आवळली जातात आणि वनड्राइव्हचं सिंक थांबतं. पोरांनी वनड्राइव्हवर टाकलेला गृहपाठ दिसत नसेल तर पोरांना बोलण्याआधी हे बघा. ते चालू असताना पॉवर मोडचा पर्यायही बदलता येत नाही, धूसर दिसतो. सेटिंग बिघडलेलं नसतं.

मी कायम चालू ठेवणार नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर अँड बॅटरी इथे जा. आपोआप चालू व्हायची पातळी मुळात बरीच खाली असते. शिकवणीसाठी ती उशिराची आहे, कारण बरीचशी बॅटरी तोवर उधळून झालेली असते. ५० करा, किंवा लाईट गेली की विंडोज आणि ए ही बटणं दाबून हातानं चालू करा.

९९ टक्क्यांचा नाद सोडा. ती युक्ती टर्बो, म्हणजे गरजेपुरता प्रोसेसरचा वेग वाढणं, बंद करते. तुमच्या प्रोसेसरचे मोठे कोअर टर्बोत ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, टर्बो बंद झाला की मूळ वेग १.३. म्हणजे मीटिंग चालू असताना स्लाइड बदलायलाही वेळ लागेल. आणि प्रोसेसर काम पटकन उरकून निवांत बसला तर बऱ्याचदा वीज कमीच जाते, रेंगाळत करत राहिला तर स्क्रीन आणि बाकीचे भाग तेवढा जास्त वेळ जळत राहतात. मॉडर्न स्टँडबाय (पूर्ण न झोपता नुसती डुलकी घेणं) असलेल्या लॅपटॉपवर विंडोज तो पर्याय सहसा लपवूनच ठेवतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

आधी वीज जाते कुठं ते बघू. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, ॲडमिन म्हणून नको, साधंच. त्यात पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट ही आज्ञा द्या (इथे देवनागरीत लिहिलीय, टाइप रोमनमध्ये करायची, तिरक्या रेघेआधी एक जागा सोडून). अहवालाची फाइल तुमच्या युजर फोल्डरमध्ये येते. ॲडमिन टर्मिनल उघडलं तर ती सिस्टिम३२ फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि लोक शोधत राहतात. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता), फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावर मावते ती) आणि एका शिकवणीत किती मिलिवॉट-तास गेले, हे तीन आकडे इथे टाका.

पंचगंगा_घाट

बॅगेतल्या गरमीचं मी सांगतो. पॉवरसीएफजी /ए ही आज्ञा द्या. उत्तरात 'एस० लो पॉवर आयडल' आलं तर तुमचा लॅपटॉप झाकण लावल्यावर जुन्या अर्थानं झोपत नाही. मोबाइलसारखा डुलकी घेतो, अधूनमधून जागा होऊन नेटवर्क आणि अपडेट बघतो. एखादं ड्रायव्हर अडून बसलं की बॅगेत वारा नसताना तापतो.

उपाय हायबरनेट, म्हणजे चालू काम ड्राइव्हवर साठवून पूर्ण बंद होणं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ'. तिथे 'ऑन बॅटरी' खाली हायबरनेट निवडा. यादीत हायबरनेट नसेल तर ॲडमिन टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन, मग परत या. रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ६ जीबीच्या आसपास जागा सी ड्राइव्हवर जाईल. उघडताना थोडे जास्त सेकंद लागतील. बदल्यात बॅगेत चार्जिंग जवळपास जसंच्या तसं राहतं.

कोण जागं ठेवतंय ते बघायचं असेल तर पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी, हे मात्र ॲडमिन टर्मिनलमध्येच चालतं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

एस० च निघालं. झाकणाचं सेटिंग केलं, आभार. अहवाल असा: डिझाइन ४२,००० मिलिवॉट-तास, फुल चार्ज २९,८२०. काल दीड तासाच्या शिकवणीत २२,४०० गेले. सायकल काउंटच्या (बॅटरी किती वेळा चार्ज झाली त्या आकड्याच्या) जागी नुसती रेघ आहे.

तांबडा_पांढरा

रेघेचं सोडा, बरेच लॅपटॉप तो आकडा विंडोजला देतच नाहीत.

आता हिशोब. २९.८ भागिले ४२, म्हणजे बॅटरी ७१ टक्के उरलीय. तीन वर्षांत एवढी झीज चालतेच. खटकतोय तो दुसरा आकडा. २२.४ वॉट-तास दीड तासात, म्हणजे जवळपास १५ वॉटचा खर्च. २९.८ ला १५ नं भागा, दोन तास. मथळ्यातले दोन तास ते हेच. हा खर्च १०-११ वॉटवर आणला तर पावणेतीन तास मिळतील, नवी बॅटरी न घेता.

मीटिंगमध्ये मोठा खादाड म्हणजे पार्श्वभूमी धूसर करणं. प्रत्येक फ्रेममध्ये तुम्हाला कापून वेगळं काढायचं काम चालतं. मागे साधी भिंत ठेवा आणि ते बंद करा. शिकवताना स्लाइडच दाखवत असाल तर पोरांचे व्हिडिओही बंद, पंचवीस चौकटी एकदम उलगडायला वीज लागते. मग ब्राइटनेस. पूर्णवरून निम्म्यावर आणला की पॅनेलप्रमाणे दीड-दोन वॉट वाचतात. घरात अंधारच असतो, निम्मा पुरतो. डार्क थीमनं तुमच्याकडे काही होणार नाही, एलसीडीचा मागचा दिवा काळ्या रंगालाही तेवढाच जळतो. ती मजा ओएलईडी स्क्रीनची, तिथे काळा ठिपका विझलेलाच असतो.

पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर ठेवा, मीटिंगला पुरतो. ब्राउझरचे जास्तीचे टॅब बंद करा. क्रोममध्ये सेटिंग्ज, परफॉर्मन्स इथे एनर्जी सेव्हर आहे, तो 'चार्जर काढल्यावर लगेच' असा लावा.

एक गोष्ट करू नका. वायफाय ॲडॉप्टर 'मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग'वर टाकायचा सल्ला कुठंतरी मिळेल. वाचतं किरकोळ आणि आवाज तुटायला लागतो.

गगनबावडा_एसटी

हे सगळं झालं, पण लाईट गेल्यावर राउटर कशावर चालतो? लॅपटॉप तीन तास टिकला आणि नेटच गेलं तर काय उपयोग. राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. पिनचा आकार आणि ॲम्पिअर जुळवून घ्या. फायबर असेल आणि ओएनयूचा (फायबरची तार जोडतात तो) डबा वेगळा असेल तर दोघांना वीज लागते, हे लोक विसरतात.

पॉवर बँकेचा विचार असेल तर आधी बघा, लॅपटॉप टाइप-सी वरून चार्ज होतो का. गोल पिनचा असेल तर विषय संपला. होत असेल तर पीडी (पॉवर डिलिव्हरी) ६५ वॉटवाली, २० व्होल्ट देणारी घ्या. मोबाइलची २२.५ वॉटवाली लावली तर लॅपटॉप बहुतेक तिला जुमानणारच नाही. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टनं ७४ वॉट-तास, रूपांतरात घट धरून हाती साठच्या आसपास.

उबंटूवाला_शाहूपुरी

लिनक्सवाल्यांसाठी एकच ओळ: टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही वीज वाचवायची दोन्ही साधनं एकत्र ठेवू नका, एकमेकांची सेटिंग खोडतात. कुठलंही एक ठेवा.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

धूसर पार्श्वभूमी आणि पोरांचे व्हिडिओ बंद करून आजची शिकवणी झाली. दीड तासात १६,१०० गेले. शेवटचं विचारते, दिवसभर चार्जर लावूनच असतो. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवावं का? की लाईट जायच्या भीतीनं १०० ठेवू?

तांबडा_पांढरा

१६.१ भागिले दीड, १०.७ वॉट. लई भारी. आता ८० टक्क्यांत २३.९ वॉट-तास असतात, म्हणजे सव्वादोन तास. दीड तासाची शिकवणी त्यात बसते, तेव्हा ८० लावा. लिथियम-आयन बॅटरी भरलेली आणि गरम राहिली की लवकर झिजते, आणि दिवसभर चार्जर लावून तुमचं तेच होत होतं. हा पर्याय साधारणपणे कंपनीच्या ॲपमध्ये असतो: लेनोवोत व्हँटेजमध्ये 'कन्झर्वेशन मोड', आसूसला मायआसूसमध्ये, एचपीच्या बऱ्याच मॉडेलला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये). आभाळ भरून आलं की दुपारीच मर्यादा काढून १०० करून घ्या, रात्री परत लावा.

आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका. तेव्हा सेटिंगचा काही उपयोग नाही, बॅटरीच बदलावी लागते.