खोक्यावरचा वेग आणि मशीनवरचा वेग : रॅम स्थिर करतानाचे तुमचे अनुभव

रॅमच्या खोक्यावर ३६०० किंवा ६००० छापलेलं असतं, मशीन चालू केलं की २१३३ किंवा ४८०० दिसतं, आणि मग ‘फसवलं की काय?’ असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. एकदाच सगळ्यांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. जेडेक या संस्थेने ठरवलेल्या प्रमाण वेगावर आणि व्होल्टेजवर (डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅमला १.२, डीडीआर५ या नव्या पिढीला १.१ व्होल्ट) रॅम आपोआप सुरू होते. खोक्यावरचा वेग बहुतेक वेळा त्याच्या वरचा असतो. तो स्टिकवरच्या (रॅमच्या पट्टीवरच्या) छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो आणि बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन आपणच चालू करायचा असतो. इंटेलकडे त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी एक्स्पो आणलं. मेख अशी की खोक्यावरचा आकडा फक्त रॅमवाला देतो. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो, मधल्या तारा मदरबोर्डवर असतात, आणि प्रोसेसरवाल्यांच्या लेखी हे प्रोफाइल म्हणजे सरळ ओव्हरक्लॉकिंग, हमीच्या वेगापेक्षा जास्त पळवणं.

तेव्हा लिहा : किती स्टिक, कोणता वेग, काय बिघडलं, कशाने सुटलं. आणि मुख्य म्हणजे, स्थिर झालं हे कशावरून ठरवलंत? ‘माझं तर बरं चालतंय’ एवढ्यावर सोडून देऊ नका.

*

माझं ‘बरं चालतंय’च होतं! १६ जीबीच्या दोन स्टिक, ३६०० सीएल १८ (सीएल म्हणजे रॅमचं उत्तर यायला लागणारे ठोके), एक्सएमपी चालू. निळा स्क्रीन नाही, हँग नाही. फक्त मोठी झिप फाइल उघडताना कधीतरी सीआरसी एरर (फाइलमधला डेटा जुळत नसल्याची सूचना) यायची. मी एसएसडीवर संशय घेतला, फाइल पुन्हा उतरवली, केबल बदलली. शेवटी एकाच फाइलचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा पडताळणीचा आकडा) लागोपाठ दोनदा काढला आणि दोन वेगळी उत्तरं आली. फाइल तीच, डिस्क तीच, मध्ये कुणी हात लावलेला नाही. तेव्हा ट्यूब पेटली.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावला. पहिली फेरी स्वच्छ गेली. पुढच्या फेरीत लाल ओळ उमटली : अपेक्षित ००००००००, मिळालं ०००००४००. सगळ्या गोंधळामागे उलटलेला एकच बिट. व्होल्टेज १.३५ वरून १.३८ केलं, चुका कमी झाल्या पण गेल्या नाहीत. ३४६६ वर उतरलो, सगळं साफ. जेमतेम चार टक्के वेग गेला, तो मला कुठेही जाणवत नाही. ३६०० चा हट्ट सोडून दिला.

*

भाच्याच्या मशीनवर ३२०० चालू केलं की पडदा काळा. झाकण उघडलं तर दोन स्टिक पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये. दुसऱ्या-चौथ्यात लावल्या, विषय संपला. प्रोसेसरकडून मोजायचं. बहुतेक चार-स्लॉट बोर्डांवर तारा जवळच्या स्लॉटमधून पुढे लांबच्या स्लॉटपर्यंत जातात. जवळचा भरला आणि लांबचा रिकामा ठेवला तर उरलेल्या तुकड्याच्या टोकावरून सिग्नल परत उसळतो. कमी वेगाला खपून जातं, वाढवला की नाही. बोर्डाच्या पुस्तिकेत हे चित्रासकट असतं, पण पुस्तिका वाचतो कोण.

*

एक किरकोळ पण वारंवार येणारी तक्रार : सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० दिसतंय, टास्क मॅनेजरमध्ये ३२००. दोन्ही बरोबर. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा जातो. आकडा निम्मा दिसतो म्हणून रॅम बदलून मागायला निघालेले लोक पाहिलेत.

*

चार स्टिकवाल्यांसाठी लिहितो. रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर, १६ च्या दोन स्टिक, ६००० सीएल ३०. एक्स्पो लावलं आणि पहिल्या दिवसापासून झकास. पुढे व्हिडिओच्या कामासाठी ६४ जीबी हवे झाले म्हणून हुबेहूब तोच दुसरा संच आणला. मॉडेल नंबरही तोच. चारही लावल्या आणि पडदा काळा. डीडीआर५ पहिल्या वेळी ‘ट्रेनिंग’ करते (सिग्नलच्या वेळा जुळवून बघते), त्यात काही मिनिटं जातात, हे माहीत होतं म्हणून हात न लावता बसून राहिलो. मशीन बंद पडलं, पुन्हा उठलं, पुन्हा बंद. मग आपणहून प्रमाण वेगावर आलं.

५६०० ला सुरू व्हायचं पण चाचणीत आपटायचं. ५२०० ला चाचणी पास, पण मशीन झोपेतून उठलं की निळा स्क्रीन. मग एएमडीचा अधिकृत तक्ता उघडला : या मालिकेला दोन स्टिकसाठी ५२००, आणि चार स्टिकसाठी ३६००. म्हणजे चार स्टिकना ५२०० देताना मी हमीच्या कितीतरी बाहेर होतो. एका चॅनलवर (कंट्रोलरपासून रॅमपर्यंतच्या एका वाटेवर) दोन स्टिक आल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो. शिवाय मॉडेल नंबर सारखा असला तरी आतल्या चिप वेगळ्या बनावटीच्या असू शकतात. संच म्हणून तपासलेल्या असतात त्या एका खोक्यातल्या दोनच.

चारही विकल्या, ३२ च्या दोन घेतल्या, ६००० वर आहे. सोबत एक सूचना : वेग जमत नाही म्हणून एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) वाढवत सुटू नका. २०२३ मध्ये याच पिढीतले प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने ते १.३ वर अडवलं, ते उगाच नाही.

*

माझा अनुभव दोन ओळींचा. दहाव्या पिढीचा आय५, बी४६० बोर्ड, रॅम ३२०० ची. २६६६ च्या वर जाईना. जाणारही नव्हती, त्या चिपसेटवर (बोर्डावरच्या मुख्य चिपवर) मेमरी ओव्हरक्लॉकिंग बंदच आहे. इंटेलच्या बी मालिकेत ते बी५६० पासून, म्हणजे २०२१ मध्ये खुलं झालं. सेटिंग शोधत बसण्याआधी आपला चिपसेट बघा.

*

मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ आणि गेम लावला की तासाभरात डेस्कटॉपवर, हा प्रकार कुणी अनुभवलाय का? मी अनुभवलाय. मशीन सेकंडहँड घेतलेलं, ३२०० वर, इंटेल. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, पॉवर सप्लाय सगळ्यांवर आळ घेऊन झाला.

गोम तापमानात होती. मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं. गेममध्ये त्याची सगळी गरम हवा रॅमवर जाते. स्टिकवरच्या सेन्सरवर चाचणीत चाळिशीच्या आसपास दिसणारा आकडा गेममध्ये साठीकडे सरकत होता. मग बायॉसमधली टायमिंग एकेक करून पाहिली, तर आधीच्या मालकाने टीआरईएफआय ६५५३५ करून ठेवलेलं.

हे काय असतं : रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला चार्ज, आणि तो सतत गळत असतो. गळक्या भांड्यात पाणी भरत राहावं तसा तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. त्यासाठी डीडीआर४ ला सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदाला एक रिफ्रेश मिळतो. ३२०० च्या वेगाला ते साधारण १२४८० ठोके होतात. ६५५३५ म्हणजे पाचपटीहून जास्त वाट बघायला लावणं. वेगाच्या चाचणीतले आकडे गोजिरे दिसतात खरे, पण तापमान वाढलं की गळती वाढते आणि बिट हातचा जातो. ते ऑटोवर टाकलं, रॅमवर हवा येईल असा एक पंखा लावला. तेव्हापासून शांतता आहे. आता चाचणी घ्यायची तर टीएम५ (रॅमवर ताण टाकून तपासणारा प्रोग्राम) आणि ग्राफिक्स कार्डावरचा भार एकाच वेळी लावतो.

*

वरच्या ‘झोपेतून उठलं की निळा स्क्रीन’वाल्यांना : मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर चालू आणि पॉवर डाउन एनेबल बंद, असं होतं का? पहिलं सेटिंग दर वेळचं ट्रेनिंग वाचवतं, जुनेच आकडे वापरतं. दुसरं रॅमला काम नसताना वीज वाचवू देतं. माझ्याकडे ही जोडी अशी विजोड असताना रोज काहीतरी फुटायचं. दोन्ही चालू केल्यावर थांबलं. दोन्ही बंद ठेवलं तरी चालतं, पण मग प्रत्येक वेळी सुरू व्हायला वेळ लागतो.

*

कूलरचे स्क्रू! एका बाजूने पूर्ण आवळलेला कूलर, आणि एक चॅनल गायब. ३२ ऐवजी १६ जीबी दिसत होते. सैल करून, कर्णाच्या रेषेत थोडे थोडे आवळले, दोन्ही स्टिक परत. प्रोसेसर सॉकेटमध्ये वाकडा दाबला गेला की काही पिना नीट टेकत नाहीत. रॅमला शिव्या देण्याआधी हेही बघा.

*

मला या सगळ्या खटाटोपाचं कौतुक आहे, पण पटत नाही. माझ्या मशीनवर लोकांच्या हिशेबाच्या फायली असतात. तिथे पूर्ण ईसीसी रॅम (चुका ओळखून दुरुस्त करणारी), जेडेकचा वेग, बस. आणि डीडीआर५ मध्ये ईसीसी ‘असतंच’ असं समजून कुणी निर्धास्त राहू नये. ते चिपच्या आतल्या आत चुका दुरुस्त करतं. चिप ते प्रोसेसर या वाटेवर, म्हणजे वेग वाढवल्यावर जिथे गडबड होते नेमकं तिथे, त्याचा उपयोग नाही.

*

धागाकर्ता : शेवटच्या प्रतिसादातला मुद्दा महत्त्वाचा. टीएम५वाल्यांना एक विचारायचं होतं. तो तर विंडोजमध्ये चालतो. नवं प्रोफाइल लावल्यावर थेट त्यानेच सुरुवात करता का?

*

नाही. आधी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ ची निदान एक पूर्ण फेरी, शक्यतो डिस्कची केबल काढून. विंडोज सुरू होतानाच डिस्कवर लिहायला लागतं. रॅम चुकत असेल तर तीच चूक फायलींमध्ये कायमची जाऊन बसते, आणि पुढे रॅम दुरुस्त झाली तरी मशीन अडखळत राहतं. पेनड्राइव्हवर पास झालं की मगच टीएम५, आणि तोही बॅकअप घेऊन.