'स्केची'ला मराठीत काय म्हणायचं? झोलर, चालू, मोघम की अजून काही?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला, घरबसल्या कमवा, रोजचे ३००० रुपये, फक्त व्हिडिओ लाईक करायचे आणि खाली एक मोबाईल नंबर, बाकी कंपनीचं नाव नाही पत्ता नाही काही नाही. माझ्या भाचीनं खाली लिहिलं, "आजोबा हे एकदम स्केची आहे". काकांनी लगेच मला फोन, स्केची म्हणजे काय गं? आणि मी अडकले. संशयास्पद म्हणावं तर तो पेपरातला शब्द, संशयास्पद मृत्यू, संशयास्पद हालचाली, घरात बोलताना कोण म्हणतं तसं. शेवटी म्हटलं, काका यात काहीतरी झोल आहे, पैसे भरू नका, आणि त्यांना क्षणात कळलं. पण झोल हे नाम झालं ना. मला विशेषण हवंय, स्केची किंवा शेडीसारखं, रोजच्या बोलण्यातलं. आहे का आपल्याकडे?

*

ताई, तुम्ही जे बोललात तेच अस्सल आहे असं मला वाटतं. आपल्याकडे संशय विशेषणात बसतच नाही सहसा, तो 'यात काहीतरी आहे' असाच येतो. बघा ना, यात गोम आहे, खरी मेख इथंच आहे, काहीतरी काळंबेरं आहे, कुठंतरी पाणी मुरतंय. सगळ्यात वस्तू वरून ठीकच दिसते, आत काहीतरी दडलेलं असतं. गोम म्हणजे घोड्याच्या अंगावरची केसांची अशुभ खूण, घोडा घेणारा ती शोधायचा. मेख म्हणजे खुंटी किंवा खिळा, फारसीतून आलेला शब्द. आणि पाणी मुरणं तर ज्याच्या भिंतीला ओल आलीय त्याला समजवायलाच नको, पाणी जातंय हे कळतं पण कुठून ते दिसत नाही.

झोल म्हणजे कापडाला किंवा दोरीला आलेला ढिलेपणा. माझी आई शिवणकाम करायची, ब्लाऊजच्या पाठीला झोल आला की सगळं उसवून परत शिवायची. तिच्याकडे घोळ पण होता, परकराचा घोळ, तो मुद्दाम ठेवलेला असायचा. बोलण्यात मात्र नेमकं उलटं झालंय. घोळ झाला म्हणजे चुकून गोंधळ झाला, तारखा चुकल्या, दोघांना एकच सीट मिळाली. झोल झाला म्हणजे कुणीतरी केला. बँकेच्या काउंटरवर 'घोळ झालाय' म्हटलं तर समोरचा शोधायला लागतो, 'झोल झालाय' म्हटलं तर भांडण सुरू, एवढा फरक आहे त्यात.

*

झोलर चालेल की, मुंबईत सर्रास म्हणतात. पण जास्त करून माणसाला, तो एजंट झोलर आहे वगैरे. चालू पण तसंच. चालू शब्द मला फार आवडतो खरं तर, पंखा चालू, चालू वर्ष, चालू खातं, हे सगळं साधं सरळ, आणि मग 'चालू काम केलंय' म्हटलं की हलकं, वरवरचं, आणि 'चालू माणूस' म्हटलं की आपलं काम कसंही साधून घेणारा. फक्त बाईला चालू म्हणू नका कोणी, तिथं तो शब्द लगेच चारित्र्यावर जातो आणि पुरुषाला तोच लावला तर निम्मं कौतुक असतं, हे मला मनापासून खटकतं. मनातलं कळू न देणारा माणूस असेल तर आतल्या गाठीचा म्हणा, तो शब्द तरी दोघांना सारखाच लागतो.

*

मला वाटतं इथं दोन गोष्टी एकत्र झाल्यात. स्केची म्हणजे आधी कच्चं, अर्धवट रेखाटलेलं, आणि मग त्यावरून संशयाचं. आपल्याकडे यातल्या पहिल्या भागाला भरपूर विशेषणं आहेत, मोघम, गुळमुळीत, ढोबळ, गोलमोल. पण ती एकमेकांच्या जागी जात नाहीत हां. ढोबळ हिशोब हा प्रामाणिक असतो, अंदाजे सांगतोय हे सांगणाऱ्यानं आधीच कबूल केलेलं असतं. गुळमुळीत बोलणारा घाबरतोय किंवा त्याला कुणाला दुखवायचं नाही. मोघम बोलणारा मात्र कळून सवरून पुढचं सांगत नाही. म्हणून माझं मत काकांच्या मेसेजला मोघम म्हणावं.

घराच्या जाहिरातींचंच घ्या, आधी सगळीकडे सुपर बिल्टअप लिहायचे, त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, काय काय धरायचे ते बिल्डरच्या मनावर, आणि आत राहायला गेलं की खोली हातभर कमी. २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा आला, त्यात कार्पेट एरियाची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेची नीट व्याख्या झाली, १ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे त्यासाठीचं आपल्या राज्याचं प्राधिकरण सुरू झालं आणि जाहिरातीत नोंदणी नंबर टाकणं बंधनकारक झालं. म्हणजे एक मोघम शब्द आवरायला कायदा लागला. युधिष्ठिराचं नरो वा कुंजरो वा काय होतं, शब्द खोटा नाही पण मोघम, आणि तेवढ्यावर द्रोणाचार्य गेले. आपण अजून तेच म्हणतो ना कुणी धड सांगत नसलं की.

*

शंकेची पाल कशी कोणाला आठवली नाही! मनात पाल चुकचुकली. इंग्रजीत फिशी म्हणजे नाकाला वास येतो, आपल्याकडे कानाला ऐकू येतं. विशेषण नाहीये हे मान्य, पण आमच्या आजीनं हे म्हटलं की घरातला व्यवहार तिथंच थांबायचा.

*

सगळ्यांना मनापासून थँक्यू, मला झोल आणि घोळचा हा फरक कधी सुचलाच नव्हता. काल काकांकडे गेले तेव्हा सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले मोघम बरोबर आहे पण मोघम ऐकून मी पैसे भरायचा थांबलो नसतो, झोल ऐकून थांबलो. भाचीला विचारलं तू आता स्केचीऐवजी काय म्हणशील, तर ती म्हणाली मेसेज मोघम आहे आणि तो नंबर झोलर आहे.