कुलवृत्तांतात लॅटिना जावेचं माहेर कसं लिहायचं?

घोडबंदरवाली:
आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. सुनांच्या माहेरचे रकाने भरून घेण्याचं काम माझ्याकडे आलंय. धाकटी जाऊ लॉस एंजेलिसची, तिचे आजी-आजोबा मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातून आलेले. कच्च्या प्रतीत तिच्यापुढे नुसतं ‘परदेशी’ छापलंय. ती म्हणते, मी लॅटिना आहे, तसं लिहा. आडनावं दोन आहेत, कुठलं घ्यायचं? चार पिढ्या मिळतील का? की डीएनए चाचणीने भागेल?

नौपाडाकर:
दोन्ही घ्या. ‘लोपेस रामिरेस’ म्हणजे वडील लोपेस, आई रामिरेस. मेक्सिकोत लग्नानंतर बाईचं कागदोपत्री नाव बदलत नाही, त्यामुळे पणजीसुद्धा माहेरच्याच नावाने सापडते. आपल्या जुन्या वंशावळींत ‘भार्या’ लिहून मोकळे झालेत, तसं नाही. अमेरिकेत मात्र दुसरं आडनाव गळतं, नाहीतर पहिलं आडनाव मधलं नाव होऊन बसतं. तिकडचे कागद दोन्ही आडनावांनी शोधा.

‘लॅटिना’ म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेत असलेली बाई. तो वंश नव्हे, आणि गोत्राच्या रकान्यात तर मुळीच घालू नका. हिस्पॅनिक म्हणजे मूळ स्पॅनिशभाषी देशातलं. ब्राझीलची बाई लॅटिना असते पण हिस्पॅनिक नसते. स्पेनची हिस्पॅनिक असते, लॅटिना नसते. अमेरिकन जनगणनेचाच गोंधळ बघा: १९३० साली ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश, १९४० साली तीच माणसं गोऱ्यांत.

नेरुळ पूर्व:
आधी आजीचं नेमकं गाव काढा. नुसत्या ‘हालिस्को’वर शोध अडतो, नोंदी गावाच्या पातळीवर ठेवलेल्या असतात. गाव मेक्सिकोच्या सीमेवरच्या प्रवेशनोंदीत सापडू शकतं; चर्चच्या लग्नाच्या दाखल्यातही बघा. आपल्या रविवारी सकाळी ८ ला फोन लावलात तर तिकडे उन्हाळ्यात शनिवारचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. जावेच्या आईला, मावशीला एकत्र बसवून विचारा.

मग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदी शोधायच्या वेबसाइटवर खातं उघडा, फुकट आहे. मेक्सिकोत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १८५९ चा. जन्मनोंदीत बहुधा आईवडिलांसोबत दोन्हीकडचे आजी-आजोबा असतात, म्हणजे एका कागदात तीन पिढ्या. त्याआधीचं सगळं चर्चच्या बाप्तिस्मा वह्यांत.

शोध फसतो तो स्पेलिंगमुळे. बी-व्ही, एस-झेड, एक्स-जे यांची अदलाबदल सर्रास. ‘एर्नान्देस’चं ‘एचडीझेड’ करून टाकलेलं असतं. अर्ध्या मुली मारिया, अर्धे मुलगे होसे. म्हणून दुसऱ्या नावाने शोधा. तरी सापडलं नाही तर अनुक्रमणिका सोडून वहीची पानं एकेक उलटायची, दुसरा इलाज नाही.

चेंदणी कोळीवाडा:
वहीत अडणारे शब्द: ‘इहो लेहितिमो’ म्हणजे विवाहातून झालेलं मूल, ‘इहो नातुराल’ विवाहाबाहेरचं, ‘फिनादो’ म्हणजे कैलासवासी. ‘पाद्रिनोस’ म्हणजे बाप्तिस्म्याचे धर्ममातापिता. ही नावं गाळू नका, बरेचदा सख्खे काका-मावशीच निघतात. १८२२ च्या आधीच्या नोंदींत ‘मेस्तिसो’ (युरोपीय-मूलनिवासी मिश्र), ‘इंडिओ’ (मूलनिवासी), ‘मुलातो’ (युरोपीय-आफ्रिकी मिश्र) असे जातीचे शिक्के दिसतील. मेक्सिकोच्या स्वातंत्र्यानंतर ते लिहायला मनाई झाली. शिवाय हा शिक्का पाद्रीच्या नजरेचा. एकाच घरातल्या दोन मुलांपुढे वेगवेगळा आढळतो.

घोडबंदरवाली:
आणि डीएनएचं? टक्केवारी छापायची का?

नेरुळ पूर्व:
नको. कंपनीने आपला नमुनासंग्रह सुधारला की टक्के बदलतात. एका पणजीकडून सरासरी साडेबारा टक्केच येतात, आणि सख्ख्या बहिणींचे आकडेही जुळत नाहीत. मेक्सिकन घरांत बहुतेकदा आईच्या बाजूची थेट रेषा मूलनिवासी निघते आणि बापाची युरोपीय. पण त्यावरून गाव कळत नाही. चाचणीचा खरा उपयोग जुळणाऱ्या चुलत-मावस नातेवाइकांच्या यादीचा. करायचीच तर जावेने तिकडेच करावी, आणि आधी आईला विचारून. अनोळखी मामा उगवला तर तो कुलवृत्तांतात छापायचा की नाही, हे तिने ठरवायचं.

नौपाडाकर:
उच्चार देवनागरीत तिच्याकडूनच लिहून घ्या. ‘जे’ चा ‘ह’ होतो आणि ‘एच’ मुका असतो, नाहीतर हिमेनेसबाई ‘जिमेनेझ’ म्हणून छापल्या जातील. नोंद अशी: ‘माहेर: लोपेस रामिरेस, मूळ गाव अमुक, हालिस्को, मेक्सिको, लॅटिना, मेक्सिकन-अमेरिकन.’ गोत्राच्या रकान्यात आडवी रेघ.

चेंदणी कोळीवाडा:
जुन्या वहीत ‘चिनो’ दिसला तर चीन समजू नका. फिलिपिन्समधल्या मनिलाहून मेक्सिकोतल्या अकापुल्कोला जाणाऱ्या गलबतांतून (१५६५ ते १८१५) आलेल्या कुठल्याही आशियाई माणसाला तिकडे चिनो म्हणत. प्वेब्ला शहरात १६८८ साली वारलेली कातारिना दे सान हुआन अशीच ‘चिना’ म्हणवली जायची. तिच्या चरित्रकारांनी तिचा जन्म मुघल मुलखातला लिहिलाय, आणि ती पोर्तुगीजांच्या हाती लागून कोचीमार्गे मनिलाला गेली.

घोडबंदरवाली:
फॉर्म परत पाठवलाय. गाव सापडलं की वहीतलं पान इथे चिकटवते, अक्षर लावायला मदत लागेल.