मदत हवी आहे: गिअर अडकत होते म्हणून क्लच आवळून घेतला, आता गाडी चढच चढेना

नमस्कार मंडळी,

गाडी वडिलांची. २००७ ची छोटी पेट्रोल, केबलवरचा क्लच, ९४,००० किलोमीटर झालेत. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नाहीच, त्यामुळं पुढचं सगळं कानाच्या भरवशावर लिहितोय.

पावसाळाभर गाडी कळंब्याच्या घरी शेडमध्ये उभी होती. दिवाळीला बाहेर काढली तर गिअर पडेनात. इंजिन बंद असताना पाचही अलगद पडतात. चालू केलं की पहिला ढोसून घालावा लागतो आणि रिव्हर्सला असा खर्रर्र आवाज, की शेजारच्या काकू गॅलरीत येऊन बघायच्या. पेडलही पूर्वीपेक्षा जड लागत होतं.

नेहमीच्या गॅरेजला नेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून केबलचा नट दोन मिनिटांत आवळून दिला, पैसेही घेतले नाहीत. गिअर बऱ्यापैकी सुधारले, रिव्हर्स गुमान पडायला लागला. मी खूश.

ही खुशी आठ दिवस टिकली. मागच्या रविवारी घरच्यांना घेऊन जोतिबाला निघालो. केर्ली सोडून चढ लागला आणि दुसऱ्यावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. वर तो जळका वास. आईला वाटलं, कुणीतरी शेतात टायर पेटवलाय. बाजूला घेऊन वीसेक मिनिटं थांबलो. डोंगरावरनं उतरणारी, गुलालानं माखलेली पोरं 'ढकलू का काका?' विचारून गेली (मी सदतीसचा आहे). थंड झाल्यावर पहिल्यावर कशीबशी वर नेली.

आता क्लच पेडल पार वर आल्यावर पकडतो. हातानं दाबून बघितलं तर पेडलला जराही ढिलेपणा नाही, लगेच जड.

उद्यमनगरात आणखी एकांना दाखवली. त्यांनी गाडी जागेवरनं हलवली सुद्धा नाही. 'क्लच गेला, पूर्ण सेट टाका, मजुरी धरून ९,०००.' असेलही गेला. पण मला कळेना ते असं: गिअर अडकणं म्हणजे क्लच सुटत नाही, आणि चढाला मार खाणं म्हणजे क्लच धरत नाही. एकाच गाडीला ही दोन उलट दुखणी कशी? ९,००० घालून चढ चढायला लागली आणि रिव्हर्सचा खर्रर्र तसाच राहिला तर?

प्रतिसाद १

भावा, जोतिबाला एसटीनं जायचं असतंय. 😄

प्रतिसाद २

तुमचा प्रश्न बरोबर जागी आहे. मी बरीच वर्षं वर्कशॉपात काढलीत, ही तक्रार महिन्यातनं एकदा तरी यायची. दुखणं एकच होतं, दुसरं त्या नटानं आणलंय.

केबल ताणून लांबली की पेडल तळाला टेकलं तरी क्लच सोडवणारा गिअरबॉक्समधला काटा (फोर्क) पुरता सरकत नाही, क्लच अर्धवट सुटतो. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रो (गिअरचा वेग जुळवून घेणारी कडी) नसतो, म्हणून बोंब पहिल्यांदा तिथं. आता नट आवळला की गिअर पडतात, पण मग रिलीज बेअरिंग (काटा ढकलतो ते) प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या झाकणावर, कायमचं दाबून बसतं. म्हणजे तुम्ही सारखा पेडलवर पाय ठेवून गाडी चालवताय असं समजा. क्लच प्लेट घसरणार, तापणार, वास मारणार.

पहिल्यांदा नट सैल करून पेडलला वर १५ ते २५ मिमी मोकळा खेळ येऊ दे (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो). मग केबलची दोन्ही टोकं बघा. वरच्या टोकाला पेडलपाशी टॉर्च घेऊन आडवं पडावं लागेल, तिथं कोण बघतच नाही. पेडल जड झालंय म्हणताय, म्हणून माझा संशय केबलवर. नाहीतर गिअरबॉक्समधला काट्याचा शाफ्ट गंजला असेल. गाडी ओलीत महिनोन् महिने उभी राहिली की तेही होतं.

आवाजाकडंही कान द्या. पेडल दाबल्यावर किरकिर येत असेल तर रिलीज बेअरिंग. सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग, तो खर्च वेगळा.

केबल ठीक करून सपाट रस्त्यावर चौथ्यावर ४० च्या वेगाला पूर्ण रेस द्या. इंजिनचा आवाज एकदम चढला आणि गाडी मागं राहिली तर प्लेट खरंच संपलीय. ही परीक्षा एकदाच करा, परत परत केली तर उरलेलीही जाळाल.

मूळ लेखक

दादा, पाया पडतो. स्टिअरिंगखाली डोकं घालून पडलो. केबलच्या पेडलकडच्या टोकाला सहा-सात तारा तुटून झाडूसारख्या पिंजारलेल्या! उरलेल्यांवर सगळा कारभार चालला होता. नवी केबल टाकली, खेळ २० मिमी ठेवला. रिव्हर्स आता आवाज न करता पडतो, पेडल मऊ झालं. दाबून-सोडून किरकिर कुठंच नाही.

गोकुळ शिरगावच्या पुढं मोकळ्या रस्त्याला तुमची परीक्षा घेतली. थंड असताना चौथ्यावर चांगली धरते. अर्धा तास चालवून परत बघितलं तर रेस दिल्यावर आवाज थोडा आधी चढतो, गाडी मागनं येते. जोतिबाच्या चढाला प्लेट भाजली असणार. म्हणजे ९,००० सुटत नाहीत?

प्रतिसाद २

प्लेट बदलावीच लागेल, पण घाई नाही. गावात चालवा, घाट नको, सिग्नलला अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका.

गिअरबॉक्स उतरवाल तेव्हा समोर उभं राहा. प्लेट तेलकट दिसली तर नुसती प्लेट घालून उपयोग नाही. काळं तेल असेल तर क्रँकचं मागचं सील, म्हणजे इंजिनचं तेल गळतंय. उग्र, गंधकासारखा वास असेल तर गिअरबॉक्सचं सील. सील फार महाग नसतं, पण नंतर बदलायचं म्हटलं तर मजुरी मात्र तीच परत द्यावी लागते. फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती) निळे डाग आणि बारीक भेगा असतील तर आपल्याकडं लेथवाल्यांना तोटा नाही, दाखवून घ्या. काट्याचा शाफ्ट हातानं फिरवून बघा, ग्रीस लावून घ्या. जुना माल परत मागा.

मूळ लेखक

बुधवारी गाडी देतोय, त्या दिवशी सुट्टी टाकलीय. जुनी प्लेट डिकीत घालून आणतो आणि फोटो इथंच टाकतो. आई येत्या रविवारी परत जोतिबाला म्हणतेय, प्रतिसाद १ वाल्या भावाचं ऐकतो.