तुमची एकच आयरिश बासरी कोणती? (अनुभव धागा)

सावळी:
दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल माळ्यावर बुटांच्या खोक्यात एक कॅसेट सापडली. वर निळ्या पेनाने 'पॅडी कार्टी, कॉनर टली' एवढंच. २००४ ते २००७ आम्ही आयर्लंडमध्ये गॉलवेला होतो, तेव्हा खाली राहणाऱ्या घरमालकीण आजींनी निघताना हातात कोंबली होती. त्या मूळच्या लॉखरेच्या, म्हणजे कार्टीच्याच गावच्या. बासरी कार्टीची, फिडल (म्हणजे व्हायोलिन) टलीचं.

आजींनी रेकॉर्ड लावून समोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि भरली. त्यामुळे दुसऱ्या रीलच्या मध्येच त्यांचा कुत्रा दोनदा भुंकतो, पुढे कुठेतरी किटली ठेवल्याचा आवाज आहे. गॉलवेचा पहिला हिवाळा, साडेचारला अंधार, नवरा ऑफिसात, मी आणि सहा महिन्यांचं बाळ. खालून ही बासरी यायची. पूर्व गॉलवेचं वाजवणं मुळात सावकाश असतं. नाचायला लावत नाही, शेजारी येऊन बसतं.

घरात टेप नाही. मुलाने (तेच बाळ, आता वीस वर्षांचं) तोच अल्बम कुठूनसा शोधून लावून दिला. स्वच्छ आवाज, सगळं जागेवर. आणि कुत्रा भुंकायच्या जागी मी थांबून राहिले.

तर, एकच ठेवायचं झालं तर कोणतं रेकॉर्डिंग ठेवाल? का, तेही लिहा.

अर्धीकॉफी:
रुमाल टाकून ठेवतेय. कुकर लागलाय.

हिंडफिर:
मॅट मलॉय. १९७६ चा पहिला अल्बम, नाव त्याचंच, सोबत डॉनल लनीचं बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य). वाद संपला.
बरं, कारण द्यायचंय ना. इलन पाइप्सवर (आयरिश बॅगपाइप) ज्या हरकती घेतात त्या या माणसाने बासरीवर आणल्या. पाइप्सला पिशवी असते, हवा संपायचा प्रश्न नाही. याला एका फुप्फुसाच्या जोडीवर भागवायचंय, तरी ऐकताना दम कुठे घेतला ते कळत नाही. मी डब्लिनला रोज ५० मिनिटं बसने जायचो, जाताना एक बाजू, येताना दुसरी.
वेस्टपोर्टला ब्रिज स्ट्रीटवर त्याचा पब आहे. तीन तास गाडी हाणत गेलो. तो नव्हता. बायको अजून ऐकवते.

सावळी:
@हिंडफिर, पब तरी उघडा होता ना?

हिंडफिर:
उघडा होता, मागच्या खोलीत सेशनही (जमून वाजवण्याची बैठक) चालू होतं. पण मी तोंड पाडून बसलो होतो म्हणे.

षड्जपंचम:
मी बासरी शिकतो (आपली, बांबूची), म्हणून वेगळ्याच कारणाने लिहितोय. माझे गुरुजी श्वास लपवायला शिकवतात. ओळ तुटता कामा नये. आणि मग मित्राने मला जॉन मॅकेनाच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐकवल्या. आयर्लंडच्या लीट्रिम परगण्याचा माणूस, १९०९ मध्ये न्यूयॉर्कला गेला, तिथे अग्निशमन दलात होता, १९२१ पासून रेकॉर्डिंग. एका बाजूला तीन मिनिटं. हा बाबा श्वास लपवत नाही, ठोकून घेतो! जिथे दम घ्यायचा तिथला स्वर सरळ टाकून देतो, आणि तो टाकलेला स्वरच ठेका होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं चुकतोय. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं मीच आजवर उगाच लाजत होतो.
जेम्स मॉरिसनच्या फिडलबरोबर त्याने जोडीने वाजवलेल्या तबकड्या ऐका. खरखर पुष्कळ आहे. खरखरीसकट ऐका.

ढोबळीमिरची:
'दुसऱ्या रीलच्या मध्ये कुत्रा भुंकतो' वाचून मला वाटलं इन्स्टावरचं रील 😂 मग कळलं हा नाचाचा प्रकार.
प्रश्न: ती बुडत्या जहाजाच्या सिनेमातली सुरुवातीची बासरी हीच का?

षड्जपंचम:
नाही हो, ती टिन व्हिसल, तोंडात धरून फुंकायची. ही आडवी. जाड, काळ्या लाकडाची, बहुतेकांची साधी सहा भोकांची. युरोपात बोहम नावाच्या कारागिराच्या नव्या चाव्यांच्या (बोटाने दाबायच्या झाकणांच्या) बासऱ्या आल्या, जुन्या लाकडी स्वस्तात निघाल्या, त्या आयर्लंडच्या खेड्यांत पोचल्या.
गंमत म्हणजे सावळी यांचा कार्टी या बहुतेकांत बसत नाही. त्याची रॅडक्लिफ पद्धतीची, चाव्यांची बासरी. त्यामुळे इतर बासरीवाले जिथे जात नाहीत त्या पट्ट्यांत तो आरामात फिरतो.

सावळी:
हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. आजींनी फक्त 'आमचा पॅडी' एवढंच सांगितलं होतं.

अर्धीकॉफी:
कुकर उतरला. माझं: जोसी मॅकडरमट, 'डार्बीज फेअरवेल', १९७७. आयर्लंडच्या स्लायगो आणि रॉसकॉमन परगण्यांच्या सीमेवरचा माणूस, पुढे दृष्टी गेली. बासरी, व्हिसल, सॅक्सोफोन, गाणंही! स्वतःच्या चाली रचायचा, त्या आता सेशनमध्ये लोक पारंपरिक समजून वाजवतात.
माझ्या बाबांची नजर २०१६ मध्ये गेली. त्या वर्षी मी काय काय ऐकत होते ते सगळं विसरले, हे एक राहिलं. दुःखी वगैरे अजिबात नाही हां, उलट खोडकर आहे. बाबांना फोनवर ऐकवलं तर म्हणाले, "हा शिट्टी मारत येतोय, घरी काहीतरी गोड केलेलं असणार."

नदीकाठ:
❤️ बाबांना नमस्कार सांग.

गावठीगणित:
मला यातलं काही कळत नाही, पण आयर्लंडवाले सगळे जमलेच आहेत तर विचारतो: चहा बॅरीज की लायन्स?

हिंडफिर:
बॅरीज. यावरही वाद संपला.

नदीकाठ:
लायन्स. आणि दोन्हींत आलं घातलं की काही फरक उरत नाही. सासूबाई २०१२ ला आल्या होत्या, त्यांनी बॅगेतून गवती चहा आणला होता. पाच मिनिटं उकळलेला चहा बघून शेजारीण म्हणाली, हे सूप का?

षड्जपंचम:
धागा बासरीचा आहे मंडळी 🙏

नदीकाठ:
बरं बरं, बासरी. मी बर्मिंगहॅमला, त्यामुळे आमच्या गावची कॅथरीन मॅकव्हॉय. जन्म इथलाच, आईवडील आयर्लंडचे. १९९६ चा अल्बम, स्लायगो-रॉसकॉमन शैलीचा, पियानोवर फेलिक्स डोलन. फुंक दणदणीत. बाईने असं वाजवलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.
माझी मुलगी इथेच जन्मली. तिचं मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात, मग ती बोलतच नाही. बर्मिंगहॅमला जन्मून कुणी रॉसकॉमनचा लहेजा इतका पक्का उचलू शकतं, हे मला तेव्हा ऐकायला हवं होतं. बाकी तंत्राचं तुम्ही बोला.

ढोबळीमिरची:
हसणाऱ्यांना माझ्याकडे पाठव.

टिवल्याबावल्या:
कॉनल ओ ग्राडा, 'द टॉप ऑफ कूम', १९९०. कॉर्कचा. सकाळी साडेसहाच्या ट्रेनला उभ्याने ऐकण्यासारखं. बासरी म्हणजे शांत, गोड, यमुनाकाठ वगैरे असं ज्यांना वाटतं त्यांनी ऐकू नये. हा भांडतो. स्टेशन आलं, बाय.

हिंडफिर:
@टिवल्याबावल्या हे मात्र खरं. त्याच्यापुढे आमचा मलॉय म्हणजे इस्त्रीचा सदरा.

सावळी:
हिंडफिर, पक्ष बदलताय?

हिंडफिर:
छे. पण २०२१ मध्ये डब्लिनच्या कॉबलस्टोन पबवर हॉटेल बांधायचा घाट होता, तेव्हा मोर्चात माझ्या बाजूला एक पोरगा असाच भांडून वाजवत चालला होता. थंडीने माझे हात खिशात, त्याची बोटं उघडी. पुढे महापालिकेने परवानगी नाकारली. तो पोरगा कोण ते माहीत नाही आणि त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. असतं तर मलॉयला दुसऱ्या नंबरवर ढकललं असतं.

अर्धीकॉफी:
हे आधी लिहायचं ना! 'वाद संपला' म्हणे.

गावठीगणित:
सावळीताई, माझ्याकडे टेपडेक आहे, चालू. पण कॅसेट तशीच घालू नका. इतकी वर्षं माळ्यावर म्हणजे बुरशी असेल, आणि आतला छोटा फेल्टचा तुकडा गोंद सुटून पडलेला असतो. आधी पेन्सिलने हळूच एकदा पुढे-मागे फिरवा, अडली तर ओढू नका. मी उघडून बघतो.

सावळी:
खरंच? कुठे असता?

गावठीगणित:
कोथरूड. शनिवारी संध्याकाळी या. कॉम्प्युटरवरही उतरवून देतो. खरखर काढायचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे, कुत्राबित्रा सगळं साफ होईल.

सावळी:
कुत्र्याला हात लावायचा नाही!!

गावठीगणित:
बरं. किटली?

सावळी:
किटलीलाही नाही. चकल्या आणते शनिवारी.