दिवजां, कालो, त्रिपुरारीच्या होड्या: डीएसएलआर घेऊ की पर्सात मावणारा छोटा कॅमेरा?

वाळवंटीकाठची:
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या साखळीची, शाळेत शिकवते, कॅमेऱ्यातलं मला फार कळत नाही हे आधीच सांगते. मोबाईल चार-पाच वर्षं जुना झालाय, दिवसा ठीक येतात फोटो पण रात्रीचे म्हणजे नुसतं पिठलं. आणि मला काढायचंय ते सगळं नेमकं रात्रीचंच! त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात नदीत सजवलेल्या होड्या येतात त्या, देवळात दिवजां (पेटते दिवे) घेऊन बायका फेरी मारतात ते, आणि आमच्या वाड्यावर दशावतारी कालो (रात्रभर चालणारं नाटक) होतो तो. शिवाय मुलगी भजन स्पर्धेत गाते, तिचा व्हिडिओ.

बजेट ४५ हजारांच्या आत, त्यातच बॅग, कार्ड सगळं. भाची म्हणते डीएसएलआर, म्हणजे लेन्सा बदलता येणारा मोठा कॅमेरा घे, कॅनन १५००डी किटसकट (सोबतच्या लेन्ससकट) बसेल. आमचे हे म्हणतात एवढं धूड घेऊन तू स्कूटरवर कुठं फिरणार, चपटा छोटा कॅमेरा घे, झूम पण जास्त असतो आणि २० मेगापिक्सेल म्हणजे जवळपास तेवढेच की. दुकानात गेले तर तो मनुष्य जो कॅमेरा समोर ठेवेल तोच भारी म्हणतो. तुम्ही सांगा.

फोंडेकर_बाब:
ताई, मेगापिक्सेल विसरा, त्यात काय नाय. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, केवढा ते बघा. त्या चपट्या कॅमेऱ्यांत बहुतेक १/२.३ इंची म्हणतात तो असतो, नाव मोठं पण प्रत्यक्षात ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिमी. १५००डीचा २२.३ बाय १४.९, म्हणजे ३३२. बारापट जवळजवळ. दोघांत पिक्सेल साधारण सारखेच कोंबलेत, मग प्रत्येकाच्या वाट्याला उजेड किती येणार ते तुम्हीच बघा. झूमचं तर अजून वाईट, कॅननचा आयक्सस २८५ घ्या, १२ पट झूम खरा पण पूर्ण ताणला की अ‍ॅपर्चर एफ ७ होतं, म्हणजे उजेड घेणारं भोक बारीक (एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान), रात्री त्या झूमचा उपयोग शून्य. आणि अंधार बघून तो आपोआप फ्लॅश मारणार, दिवज्यांवर फ्लॅश मारला की त्या ज्योतींचा पिवळा उजेड मेलाच, बायकांचे चेहरे पांढरेफटक आणि मागे काळोख.

पण नुसती डीएसएलआर घेऊन पण भागत नाय हे भाचीने सांगितलं का? सोबत येते ती १८-५५ मिमीची लेन्स, ५५ ला (पूर्ण झूमला) नेली की एफ ५.६ वरच बसते. काल्याच्या मंडपात ट्यूबलाइटी आणि एखाददुसरा फोकस, समजा आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही शटर १/६० सेकंदच मिळालं, तर काल्यातला संकासूर नाचायला लागला की हात-पाय सगळे हलणार. तिथेच ५० मिमीची एफ १.८ लेन्स लावली की उजेड जवळजवळ दहापट, म्हणजे तोच फोटो १/५०० ला निघतो. कॅननची ५० एसटीएम दहाएक हजारांच्या आत-बाहेर मिळते. ती बजेटात बसवा, नाहीतर रात्रीसाठी डीएसएलआर घेण्यात अर्धा अर्थ जातो. झूम नाही हां तिला, पुढं-मागं आपणच चालायचं. कॅननवर ती ८० मिमीसारखी, म्हणजे जरा जवळचं दाखवते, तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एक-दोन पात्रं बरी येतात.

पर्वरीचो_पोरगो:
बाब नेहमीप्रमाणे सगळ्यांना डीएसएलआर विकायला बसलेत 😄

साध्या चपट्या कॅमेऱ्यावर पैसे घालू नका हे मलाही मान्य, आताच्या बऱ्या मोबाईलचा सेन्सर त्याच्याहून मोठा असतो आणि रात्री चार-सहा फोटो जोडून एक करायची अक्कल पण मोबाईलला आहे, तेव्हा त्यापेक्षा नवा मोबाईल घेतलेला बरा. पण छोटा म्हणजे सगळे सारखेच नव्हेत ना. सोनीचा आरएक्स१०० बघा, २०१२ चा पहिला मॉडेल, सेकंड हँड तुमच्या बजेटात बसावा. २४० ग्रॅम, खरोखर पर्सात जातो, आणि आत १ इंची सेन्सर, ११६ चौरस मिमी, म्हणजे चपट्यांच्या चौपट. लेन्स एफ १.८ पासून. रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, नंतर उजळवायला बरी) पण देतो.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. दिवज्यांच्या रांगेत डीएसएलआर वर केला की बायका थांबतात, पदर नीट करतात, कुणीतरी मागून ‘फोटो फोटो’ म्हणून ओरडतो, संपलं. छोट्या कॅमेऱ्याकडे कोण बघत नाही. माझे तरी देवळातले बरे फोटो सगळे छोट्याचेच आहेत. (गाभाऱ्याकडे बऱ्याच ठिकाणी फोटोला बंदीच असते, ते आधी विचारून घ्या, कॅमेरा कुठलाही असो.)

फोंडेकर_बाब:
अरे पोरा, एफ १.८ तो फक्त वाईडला, म्हणजे झूम न करता, २८ मिमीला. झूम करून १०० वर गेलास की एफ ४.९. दिवजां दोन हातांवरून जातात तिथे मस्त चालेल, होड्या काठाला लागल्या की पण चालेल, मी नाही म्हणत नाही. पण कालो? स्टेजला चिकटून बसणार आहेत काय ताई? आणि बॅटरी कंपनीच्याच मोजणीने ३३० फोटोंची, कालो पहाटेपर्यंत चालतो. वर सेकंड हँड म्हणजे आत-बाहेर होणारी लेन्स आधी कुणी मोरजीच्या वाळूत नेऊन आणलेली असेल तर ती मधेच अडकते, आणि आत धूळ शिरली की उघडल्याशिवाय निघत नाही. डीएसएलआरच्या सेन्सरवरची निदान ब्लोअरने उडते.

पर्वरीचो_पोरगो:
दुसरी बॅटरी खिशात मावते की. कालोचं म्हणणं मात्र बरोबर.

सत्तरीतलो:
तुम्ही दोघे सेन्सर मोजा, मी पावसाचं बोलतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आमच्या वाळपईकडे तर त्याहून जास्त. जूनला कपाटात ठेवलेली लेन्स चतुर्थीला बाहेर काढली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, हे गोव्यात घरोघरी झालेलं आहे. छोटा घ्या नाहीतर मोठा, लेन्स दोघांना आहे. त्यातल्या त्यात डीएसएलआरचं नुकसान जास्त, कारण लेन्सा दोन-तीन होतात आणि पडून राहतात.

ड्राय कॅबिनेट परवडलं तर उत्तम, नाही तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला की झालं. सिलिका निळी घ्या, गुलाबी झाली की तव्यावर मंद गरम केली की परत निळी होते, फक्त तो तवा मग भाकऱ्यांना वापरू नका. कातडी पाउचात तर कॅमेरा ठेवूच नका, ते ओल धरून ठेवतं. आणि एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बॅगेतून काढायचा नाही, काचेवर वाफ धरते, दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू दे.

बाकी माशेलच्या चिखलकाल्याला (चिखलात खेळायचा उत्सव) यांतला कुठलाच नेऊ नका 🙏

वाळवंटीकाठची:
देव बरें करूं सगळ्यांक! यांना वाचून दाखवलं, झूमचं ऐकून जरा गप्प झालेत.

आता नवीनच. डिचोलीतल्या एका ओळखीच्या मुलाकडे निकॉन डी३५०० आहे, १८-५५ सकट, परदेशी जातोय म्हणून विकतो. १५००डी नवा घेण्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, मग ५०ची लेन्स आणि सत्तरीतल्या भावांचा डबा दोन्ही बसतं. घ्यावा का? आणि बघताना नक्की काय बघायचं? भजनाच्या आवाजाचं पण कुणी बोललं नाही.

फोंडेकर_बाब:
डी३५०० असेल तर डोळे झाकून १५००डीच्या वर. रात्रीचा फोटो नंतर उजळवायला घेतला तर निकॉनची फाईल जास्त सोसते, आणि बॅटरी एका चार्जला १५५० फोटो, कॅननची ५०० च्या आसपास. वजन बॅटरीसकट ४१५ ग्रॅम, लेन्स वेगळी, म्हणजे यांचं ‘धूड’ एवढंही मोठं नाय. निकॉनने बनवणं बंद केलंय खरं, आणि दोन्ही कंपन्या आता मिररलेसच्याच (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) मागे आहेत, पण लेन्सा जुन्या बाजारात ढिगाने आहेत, तुमची दहा वर्षं निघतील.

एक सांभाळा. निकॉनची ५० एफ १.८ दोन प्रकारची मिळते, स्वस्त ती ‘डी’, आणि दुसरी ‘एएफ-एस जी’, हिच्यात फोकसची मोटर लेन्समध्येच असते. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून ‘डी’ लावली की फोकस हाताने फिरवत बसावं लागेल, अंधारात ते तुम्हाला जमायचं नाय. दुकानदार स्वस्त म्हणून तीच पुढे करणार. ‘एएफ-एस’ लिहिलेलं वाचूनच पैसे द्या. ३५ची एफ १.८ डीएक्स पण बघा, देवळाच्या मंडपात ५० कधीकधी फार जवळ येते.

पर्वरीचो_पोरगो:
भजनाचं मी सांगतो. डी३५०० ला बाहेरचा माईक लावायची सोयच नाही, १५००डीला पण नाही, चपट्यांना तर नाहीच. तेव्हा आवाजासाठी कॅमेरा निवडू नका. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून पेटीपासून थोडा लांब, मुलीच्या समोर ठेवा, व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढा, घरी दोन्ही जुळवा. सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या, जुळवायला सोपं जातं. आणि व्हिडिओत हा कॅमेरा फोकस शोधत मागे-पुढे करत राहतो, तेव्हा स्टँडवर ठेवून एकदा फोकस करून तसाच सोडून द्या, मुलगी काय जागेवरून हलणार नाही.

वाळवंटीकाठची:
शनिवारी बघायला जाते. काय काय तपासू ते एकदा सांगा ना कुणीतरी, मुलगा ओळखीचा आहे, फार उलटतपासणी केलेली बरी दिसणार नाही.

सत्तरीतलो:
उलटतपासणी नको, एक फोटो काढा आणि ती जेपेग फाईल मोबाईलवर घेऊन घरी या. निकॉन प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये (फाईलीत लपलेली माहिती) शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, किती वेळा पडलं तो आकडा लिहून ठेवतं, फाईल टाकली की आकडा दाखवणाऱ्या साइट्स आहेत. या मॉडेलचं शटर कंपनीने १ लाखापर्यंत तपासलेलं आहे, वीस-तीस हजार असेल तर काही नाही. दुसरा फोटो पांढऱ्या भिंतीचा, एफ १६ वर. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ, ती निघते, घाबरू नका.

लेन्स मात्र तिथेच बघा. काढून हातात घ्या, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि तिरकं धरून पुढून बघा. बारीक धुळीचे कण चालतील. पांढरे तंतू दिसले तर लेन्स त्याच्याकडेच ठेवा आणि फक्त बॉडीचा भाव विचारा, आणि तसली लेन्स फुकट दिली तरी आपल्या डब्यात बाकीच्यांबरोबर ठेवायला आणू नका.